पाचवीचं सूप

नदीकाठच्या कागद कारखान्याचं धुराडं दूरवरून दिसू लागलं, त्याच साली गुणाबाई बुरडीण विधवा झाली. यातल्या दुसऱ्या घटनेची दखल कोणी घेतली नाही. कारखाना मात्र वाढत गेला. दुसरं यंत्र आलं, साहेबांचे बंगले आले, आणि बांबूचे ट्रक अलीकडची रानं उरकून पार एटापल्लीच्या अंगाला शिरले. देशाच्या प्रगतीला कागद लागतो, असं कागदावर लिहून येत असे. गुणाबाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिचा प्रगतीला विरोध आहे, असा समज झाला.

चांदा जिल्ह्यातल्या तिच्या गावामागं बांबूचं बेट होतं. तिथला ओला बांबू तोडून सुपं-टोपल्या विणायच्या, हे तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून चालू होतं. छप्पनच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या ठेकेदाराचा तरुण मुनशी नानाजी तिथं आला आणि त्यानं तिच्या हातातला कोयता काढून घेतला.

"हे रान आता कारखान्याले देलं हाय. तोडू नको."

"अन् मी काय कागद खाऊ?"

"हुकूम हाय, बाई."

"मंग हुकमानंच धान पाखड."

कोयता ठेकेदाराच्या बांबू-डेपोत खुंटीला लटकला. गुणाबाई फाटकापाशी बसून तो रोज मागे. नानाजी रोज नाही म्हणे. गावात कोणी सूप मागायला आलं की ती सांगे, "डेपोत जा. माहा बांबू तिथी हाय, कोयता तिथी हाय. नानाजीले म्हण, विणून दे." बाया खरोखरच जात. शेजारची रुखमा तर धानाची टोपली घेऊन गेली आणि सूप मिळाल्याशिवाय हलेना.

मग नानाजीलाच मुलगा झाला. पाचवीच्या पूजेला बाळाला नव्या सुपात निजवायची त्यांच्या घरची रीत. नानाजीनं चांद्याहून पत्र्याचं सूप आणलं. ते सासूनं कोंबड्यांच्या दाण्याला दिलं. म्हणाली, "माहा नातू बांबूतच निजन."

नानाजी डेपोतला एक बांबू खांद्यावर टाकून गुणाबाईच्या दारी आला. अहोजाहोवरही आला.

"बाई, एक सूप विणून द्या. पैसे म्हणान तेवढे."

"वाळका हाय हा. वाकवला का तुटते. ओला पाहिजे. माह्या बेटातला, माह्या कोयत्यानं तोडलेला."

"ठेकेदार मले कामावरून काढन!"

"काढू दे. दोघं मिळून टोपल्या विणू. तुले शिकवीन."

नानाजीनं खांद्यावरचा बांबू दारातच टाकला. मग डेपोत जाऊन कोयता घेऊन आला. भर उन्हात, ट्रकवाल्यांच्या देखत गुणाबाईनं बांबू तोडले आणि भारा त्याच्याच डोक्यावर दिला. एका सुपाला एवढे बांबू लागतात का, हे विचारण्याच्या परिस्थितीत तो नव्हता.

बाळ सुपात छान निजलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बेटातून पुन्हा कोयत्याचा आवाज आला. नानाजी धावत गेला.

"बाई, हे काय करून राह्यल्या? पाचवी झाली ना!"

"बारसं राह्यलं," हात न थांबवता गुणाबाई म्हणाली. "मंग जावळ, मंग लगन. लंबी उमर भेटो लेकराले. तवरक कोयता माह्याजवळच राहीन."