शाल नको, वर्ग द्या

टीचरांबद्दल काहीही विचारायचं असलं की लोक संजयरावांना विचारत. टीचर समोरच चाकांच्या खुर्चीत बसलेल्या असत, पण प्रश्न त्यांच्या डोक्यावरून मागे खुर्ची धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे जाई. "वहिनींना चहा चालेल का हो?" असं कुणी म्हटलं की टीचर चेहरा गंभीर करून सांगत, "त्यांना चालेल. बिनसाखरेचा. आणि सोबत बिस्किटं दिलीत तर त्या नाही म्हणणार नाहीत." विचारणारा ओशाळे, हसे, आणि पुढच्या वेळी पुन्हा संजयरावांनाच विचारे.

सौदीतल्या जुबैलमध्ये, आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. संजयराव रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर होते, पहाटे कंपनीच्या बसने जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. टीचर नाशिकच्या. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय नेले, तरी तिथल्या एका शाळेत त्यांनी वीसेक वर्षं गणित शिकवलं. नवऱ्याने एकट्याने किती दिवस डाळभात शिजवून खायचा, म्हणून नोकरी सोडून इकडे आल्या. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, आपली ओळख फक्त कुणाची तरी बायको एवढीच आहे हे पाहून म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी अपंग न म्हणता निरुपयोगी ठरवलंय."

निरुपयोगी बसायचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता. महिनाभरात इमारतीतली मुलं त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर गणितं सोडवू लागली, त्यात माझी सईही होती. आमची मुलं आईवडिलांशीसुद्धा इंग्रजीत बोलतात, पण तिथे त्यांची डाळ शिजायची नाही. "आन्सर आलं म्हणून नाचू नकोस. कसं आलं ते मराठीत सांग. इंग्रजीत तू मला फसवशील," असं टीचर म्हणायच्या. सई अडखळत, रडकुंडीला येत सांगायची, आणि सांगता सांगता तिला खरंच कळायचं. मुलांना इतका जीव लावणारी बाई मी पाहिली नाही.

मॉलमध्ये टीचर राणीसारख्या हिंडायच्या. तिथे उतार, लिफ्ट, गाडी लावायला दाराशी जागा, सगळं होतं. चाकात अडकू नये म्हणून वरून घालायचा काळा झगा, आबाया, त्यांनी आखूड करून घेतला होता. कुणी म्हातारी अरब बाई थांबून त्यांच्याकडे बघत "मिस्कीना" म्हणून हळहळली, की टीचर तिला छान हसून सलाम करायच्या आणि मला म्हणायच्या, "अरबीत मिस्कीन, मराठीत बिचारी, इंग्रजीत इन्स्पिरेशन. खुर्ची तीच."

पंचाईत व्हायची ती आपल्या माणसांत. इमारतीला लिफ्ट नव्हती. संक्रांतीचं हळदीकुंकू कुणाच्या ना कुणाच्या वरच्या मजल्यावर असायचं आणि टीचरांना बोलावणं येत नसे. त्याऐवजी "तुम्हाला उगीच त्रास नको" अशा निरोपासह वाण आणि तिळगूळ खाली पोचता होई. एकदा मी म्हटलं, आपण चौघीजणी मिळून तुमच्या हॉलमध्येच करू या. दोघी-तिघींना विचारलंही. "त्यांना आवराआवरीचा त्रास," म्हणाल्या. टीचर वाणाची वाटी हातात फिरवत म्हणाल्या, "माझ्या त्रासाची या सगळ्यांना इतकी काळजी, आणि मला एकीनेही विचारलेलं नाही."

त्यांना खरं हवं होतं ते एकच. शाळा. आमच्या मुलांच्या भारतीय शाळेत गणिताच्या बाईंची जागा रिकामी झाली तेव्हा टीचरांनी अर्ज केला. मुलाखतीला गाडीतून मी नेलं, संजयरावांनी रजा काढली होती. प्रिन्सिपॉलांनी संजयरावांना विचारलं, "मॅडम मॅनेज कर पाएँगी?" टीचर म्हणाल्या, "मॅडम से पूछिए, सामने बैठी हैं." मग अडचणी निघाल्या. नववी-दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर. "वर्ग खाली आणा. मुलांना पाय आहेत," टीचर म्हणाल्या. प्रिन्सिपॉल गोड हसले. आणि फायर ड्रिल झालं तर मॅडमना कोण बाहेर काढणार? आम्हाला तुमची काळजी आहे, म्हणाले. तळमजल्यावर तीन खोल्या आम्ही येताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एकीत जुनी बाकं रचून ठेवलेली होती.

शाळेच्या पालक समितीवर आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. टीचरांनी त्यांना घरी बोलावून सरळ सांगितलं, "तुम्ही शब्द टाकलात तर होईल." अध्यक्ष माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांचा धाकटा टीचरांकडेच शिकत होता. त्यांचे डोळे पाणावले. "काहीतरी करतोच," म्हणाले, आणि त्यांनी केलंही. मंडळाच्या स्नेहसंमेलनात टीचरांचा सत्कार ठेवला.

कंपाउंडच्या, म्हणजे बंदिस्त वसाहतीच्या, हॉलमधलं स्टेज कमरेइतकं उंच आणि चढायला पायऱ्या. चौघा इंजिनिअरांनी खुर्ची उचलली. एकाचा हात निसटला, खुर्ची कलली, टीचरांनी दांडे गच्च धरले, आणि खाली सगळ्यांचे मोबाइल वर झाले. अध्यक्षांनी "पायांनी नव्हे, पंखांनी चालणारी माउली" असं बरंच काही म्हणून त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. टीचरांनी माइक मागून घेतला.

"आभारी आहे. जुबैलच्या उकाड्यात शाल कधी पांघरायची ते मात्र अध्यक्षांनी सांगावं. नारळ चटणीला होईल. पण मला शाल नको, वर्ग द्या. तुम्ही सगळे त्या शाळेतले पालक आहात. नववीचा वर्ग खाली आणा म्हणून एकदा सांगा, मी उद्यापासून जाते."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले, बायकांनी डोळे पुसले. आणि लगेच मुलांचं नृत्य सुरू झालं. मी इतकी चिडले होते की जेवणाच्या रांगेत दिसेल त्याला धरून विचारत सुटले, मग कोण सांगणार शाळेला? "उगाच शाळेशी वाकडं कशाला, आपली मुलं तिथे आहेत," असं एक म्हणाला. शेजारची मैत्रीण खालच्या आवाजात म्हणाली, "अगं, टीचर शाळेत गेल्या तर आपल्या मुलांना घरी कोण शिकवणार?"

घरी परतताना गाडीत टीचरांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "नाही म्हणाले असते तर भांडले असते गं. टाळ्यांशी कसं भांडायचं?"

सुट्टीनंतर शाळेत नव्या बाई आल्या. टीचरांनी पुन्हा अर्ज केला नाही. मुलं येत राहिली, गणितं होत राहिली, पण कसं आलं ते सांग, हा हट्ट त्या करेनाशा झाल्या. बरोबर, पुढचं घे, एवढंच म्हणायच्या. पुढे संजयरावांचं कंत्राट संपलं, खलास, नाशिकला परत जायचं ठरलं. निरोपाला गेले तेव्हा काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हटलं, "तिकडे आपली माणसं आहेत टीचर, सोपं जाईल."

"तिकडे मराठीत नाही म्हणतात, एवढंच," त्या म्हणाल्या.

तसंच झालं. जुन्या शाळेत त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आहेत, आणि राहत्या सोसायटीची लिफ्ट चालू असली तर टीचर खाली येतात.

सई आता दहावीत आहे. परवा शाळेच्या गॅदरिंगहून खुशीत आली. वर्गाचा नाच तिनेच बसवला होता. यंदा त्यांच्या वर्गात कुबड्या घेऊन चालणारी एक मुलगी आली आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून सहज विचारलं, ती होती का नाचात?

"No आई, ती दमली असती ना. But we didn't leave her out. चीफ गेस्टला बुके द्यायला तिला ठेवलं. सगळ्यांनी इतकं क्लॅप केलं तिच्यासाठी."

"तिला विचारलंत का?"

"काय विचारायचं?" सई म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

दर शुक्रवारसारखा टीचरांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "सईचं कसं चाललंय गं?"

"छान चाललंय," बुकेची गोष्ट टाळून मी म्हटलं. "तुम्ही शिकवलेलं काही विसरलेली नाही."