चार घरांचं तेल

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या एका गल्लीत चार घरं अजून तेलावर तापतात. चौघांच्या तळघरात टाक्या आहेत आणि वर्षातून एकदा चौघं मिळून टँकर मागवतात. एकत्र घेतलं की दर उतरतो. फोन करण्याचं काम चौघांपैकी स्नेहलताबाई केळकरांकडे. ऑगस्टमध्ये भाव घसरत होता, म्हणून त्यांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं होतं.

सप्टेंबरात एका मंगळवारी भाव लिटरमागे सात सेंटांनी चढला. टेक्सासच्या किनाऱ्याकडे चक्रीवादळ निघालं होतं.

"अहो, वादळ तिकडे आणि महाग आपलं तेल?" स्नेहलताबाईंनी नवऱ्याला विचारलं.

देवदत्त मोटारीच्या कारखान्यात इंजिनं तपासतात. "तिथल्या रिफायनऱ्या बंद होतील. आपल्याकडचं बरंच डिझेल आता तिथून येतं, आणि घर तापवायचं तेल म्हणजे डिझेलचं सख्खं भावंड."

"पण तिथलं जहाज पोचायला आठवडे लागतात. व्यापाऱ्याच्या टाकीत आज आहे ते जुन्या भावाचं."

"मग त्यालाच विचार की."

त्यांनी खरंच विचारलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," व्यापारी म्हणाला, "तेल जुनंच आहे. पण ते तुम्हाला विकलं की उद्या मला नव्या भावाने टाकी भरायचीय."

"आणि उद्या भाव उतरला तर महागात घेतलेलं स्वस्तात द्याल?"

"पलीकडचा व्यापारी देईल ना, फ्राऊ केळकर! मग मला द्यावंच लागेल."

हे पटलं. आता थांबायचं की मागवायचं, एवढंच उरलं. बाईंनी जुन्या वादळांच्या बातम्या चाळल्या. काही वेळा वादळाने किनारा ओलांडताच भाव खाली आला होता. रिफायनरीत पाणी शिरलं तेव्हा मात्र कित्येक आठवडे वरच राहिला. थांबावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. फक्त कोणाकडे किती शिल्लक आहे, ते बघून घ्यावं म्हणून त्या शेजारी गेल्या.

फ्राऊ ब्रॉयनिंगर एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. तळघरातल्या टाकीचा काटा जवळजवळ तळाला टेकला होता.

"अहो, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"तुम्ही थांबा म्हणालात. मग मी बर्नरच बंद केला. महिना झाला, भांडी गार पाण्याने घासतेय. अंघोळीपुरतं किटलीत तापवते."

स्नेहलताबाईंनी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला आणि चारही घरांचं तेल चढ्या भावाने नोंदवलं.

शुक्रवारी वादळ वळलं, विरलं. सोमवारी टँकर आला तेव्हा भाव पाच सेंटांनी उतरला होता. समोरच्या घरातले मोझर पाइपाशेजारी हात बांधून उभे राहिले.

"तीन दिवस धीर धरला असता, तर?"

"तुम्हाला धरता आला असता, हेर मोझर. तुमची टाकी अर्धी होती."

"मग आमचं का मागवलंत?"

"एका घरासाठी टँकर आणला असता, तर फ्राऊ ब्रॉयनिंगरना केवढ्याला पडलं असतं, विचारा या ड्रायव्हरला."

मोझरांनी ड्रायव्हरला विचारलं. आकडा ऐकून ते पाइप आत यावा म्हणून आपल्या तळघराची खिडकी उघडायला गेले.