सदतिसावं घर

माझा स्वभावच संशयी. दुधात बोट घालून बघायचं, दुकानातली साखर घरी येऊन पुन्हा तोलायची. त्यात मी शाळेत गणित शिकवणारी बाई. मग काय बघता!

तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं. टँकर यायचा, विहिरीत रिकामा व्हायचा आणि बायका तुटून पडायच्या. शिव्या काय, फुटलेल्या घागरी काय! शेवटी सरपंच शाळेत आले. "बाई, तुमचं गणित लावा कामाला."

मी लावलं. वरच्या गल्लीत माझं भाड्याचं घर धरून अठ्ठेचाळीस घरं, खालच्या गल्लीत छत्तीस. दोन्ही गल्ल्यांतल्या बायका एका वेळी विहिरीवर चढत नव्हत्या. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मीही विचारलं नाही. काठावर फार तर बारा जणी मावायच्या. अठ्ठेचाळीस आणि छत्तीसचा मसावि बारा. वरच्या चार टोळ्या, खालच्या तीन, प्रत्येक टोळीला घड्याळ लावून पंधरा मिनिटं, घरटी दोन घागरी. कुणी उरत नाही, कुणाला कमीजास्त नाही. मला तर माझं मलाच कौतुक वाटलं.

आठवडाभर छान चाललं. मग खालच्या गल्लीतली एक बाई कडेवर दोन वर्षांची पोर घेऊन दारात आली. नवऱ्याने टाकलेली, माहेरी परतलेली. म्हणाली, "भावानं वेगळं मांडायला लावलंय बाई. माझं बी घर धरा."

माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. भावाच्या दोन घागरी, वर हिच्या दोन. बरी युक्ती आहे की! मी विचारलं, "रेशन कार्ड दाखव."

"अर्ज दिलाय. नवा जिल्हा झालाय, कागद इकडून तिकडं चाललेत म्हणून राहिले."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणाले. खरं सांगायचं तर कार्डापेक्षा मला तो आकडा नको होता. सदतीसला कशानंच भाग जात नाही. बाराच्या टोळीत तेरावी घातली की बाकीच्या बोंब मारणार. माझं एवढं सुरेख गणित या बाईने नासवायचं म्हणजे काय!

तरी खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिच्या घरी गेले, न सांगता. भावाच्या घराला लागून पत्र्याचा आडोसा. आत तीन दगडांची चूल. मी वाकून राखेत बोट घातलं. थंडगार. जेवायची वेळ आणि चूल थंड! पकडली की नाही चोरी?

"इथं तू रांधत नाहीस," मी म्हणाले. "कालपासून ही चूल पेटलेली नाही."

"न्हाई पेटली," ती म्हणाली. कोपऱ्यातला डबा ओढून तिने झाकण काढलं. आत ज्वारीचं पीठ होतं, निम्म्याच्या वर. "पीठ हाय बाई. मळायला पाणी न्हाई."

पोर भिंतीला टेकून बसली होती. रडतही नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी कागद घेऊन बसले. सदतीस आणि अठ्ठेचाळीस, कितीही डोकं खाजवलं तरी सामाईक विभाजक एकच. मग लक्षात आलं, गल्ल्या वेगळ्या ठेवायची अट सरपंचांनी कुठं घातली होती? ती मीच गृहीत धरली होती. सगळी मिळून पंच्याऐंशी. पाचाने भाग जातो, चौथीतली पोरगीसुद्धा सांगेल. सतरा टोळ्या, पाच-पाच जणींच्या, सहा-सहा मिनिटं. नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि उचलल्या. वरच्या गल्लीतल्या काहीजणी फणकारल्या. "ज्यांना जमत नसेल त्यांनी घरी बसावं," मी सांगितलं. तहान लागल्यावर कोण घरी बसतंय?

चिठ्ठीत मी आणि ती बाई एकाच टोळीत आलो. शेजारी उभ्या राहून पाणी शेंदलं. मला वाटलं, आता ती दोन शब्द गोड बोलेल. पण माझी दुसरी घागर भरेपर्यंत ती माझ्या हातांकडे बघत राहिली, आणि मी तिसरी घेत नाही याची खात्री झाल्यावरच तिने आपली घागर डोक्यावर चढवली.