मतपत्रिकेतला शेवटचा प्रश्न

मुलीच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर एक खोटं होतं आणि ते माझं होतं. आईचं शिक्षण, असा एक रकाना असायचा. ती दुसरीत असताना तिने पहिल्यांदा विचारलं, "आई, इथे काय लिहू?" मी गॅसकडे तोंड करून म्हटलं, "हायस्कूल लिही." त्यानंतर दरवर्षी ती न विचारता तेच लिहायची.

मी चौथी पास आहे. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि नदीपलीकडे मुलींना पाठवत नसत. चौथीत माझा पहिला नंबर आला होता. हे इथे अमेरिकेत मी घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. जिथे प्रत्येक घरात एक डॉक्टर नाहीतर इंजिनियर, तिथे चौथीतला पहिला नंबर कसा सांगायचा? म्हणून निदान या वहीत लिहून ठेवते.

आम्ही राहायचो ते गाव लहान. तुरीची डाळ आणि हिंग आणायला महिन्यातून एकदा तीन तास ड्राइव्ह करून शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूला जायचं. आमचे हे यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर होते. मी तिथल्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. डोक्याला जाळी बांधायची, मोठमोठे ट्रे ओव्हनमधून काढायचे, मुलांच्या ताटलीत वाढायचं. तिथे फार बोलावं लागत नाही, म्हणूनच ते काम मला आवडलं. आमची मुख्य बाई साठीच्या पुढची, गोरीपान, दणकट. ट्रे काढताना माझी बोटं भाजायची आणि ती दर वेळी ओरडायची, "मिट घाल, मिट!" मिट म्हणजे हातात घालायचा जाड मोजा. मला तो कधी आठवायचाच नाही. गावाकडे मी तव्यावरची भाकरी हाताने उलटलेली बाई.

मुलगी बारावीत गेली त्या वर्षी कारखान्यात काम कमी झालं. यांचा आठवडा तीन दिवसांवर आला. मुलीला नर्स व्हायचं होतं. इथल्या आमच्या गावात नर्सिंगचं एकच कॉलेज, ख्रिस्ती नन चालवायच्या ते, घरापासून दोन बसथांब्यांवर. सरकारी विद्यापीठ चार तास लांब. तिथे गेली तर हॉस्टेल आलं, आणि ते आता आमच्याने होणारं नव्हतं. घरी राहून ननच्या कॉलेजात जायचं, तर राज्याची स्कॉलरशिप आणि राज्याच्या हमीचं कर्ज लागणार होतं.

शाळेतल्या सल्लागार बाईने आम्हाला समोर बसवून सांगितलं की ते तिथे मिळणार नाही. राज्याच्या घटनेतच तशी बंदी आहे. चर्चच्या कॉलेजात शिकणाऱ्याला राज्याचा पैसा देता येत नाही. "मात्र," ती म्हणाली, "या नोव्हेंबरमध्ये घटनादुरुस्ती मतदानाला आहे. ती मंजूर झाली तर गोष्ट वेगळी."

घरी येताना गाडीत मी यांना विचारलं, "घटना तर दिल्लीत बदलतात ना? म्हणजे इथे वॉशिंग्टनला?"

"ती देशाची. इथे प्रत्येक राज्याची आपापली असते. आणि ती बदलायची तर लोकांना विचारतात."

"कोणत्या लोकांना?"

"तुला, मला. आपण सिटिझन झालो ना आता."

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आय टर्न एटीन इन मार्च. मला व्होट नाही करता येणार. आई, यू हॅव टू डू इट."

आदल्या वर्षी मी नागरिकत्वाची शपथ घेतली होती, पण इथे मत अजून कधी दिलं नव्हतं.

दुरुस्तीचा सगळा मजकूर वर्तमानपत्रात छापून आला. अक्षर मुंगीएवढं आणि एकेक वाक्य हातभर. मी तो कापून फ्रिजवर लावला. शाळेतून आले की मुलीची डिक्शनरी घेऊन दोन ओळी वाचायच्या, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने मराठी अर्थ लिहायचा. मुलगी म्हणायची, "आई, मी सांगते ना, इट जस्ट मीन्स..." मी म्हणायची, "थांब. मला माझं वाचू दे." आठ दिवस लागले. आठव्या दिवशी मला कळलं की त्यात लिहिलंय ते अगदी सोपं आहे. मदत कॉलेजला नाही, विद्यार्थ्याला. तो कुठे शिकतो ते त्याचं त्याने ठरवायचं.

ऑक्टोबरात नवरात्र आलं. आमच्याकडची बारा-पंधरा मराठी कुटुंबं दरवर्षी एका डॉक्टरीणबाईंच्या घरी भोंडल्याला जमायची. त्या नागपूरच्या, मोठ्या हॉस्पिटलात भुलीच्या डॉक्टर. बेसमेंटमध्ये पुरुष फुटबॉल बघत बसायचे आणि वर आम्ही पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचो. मी फेरात असायची, पण आवाज दुसरीच्या आवाजाखाली लपवून गायची. माझी ओळख एकच, माझी खिरापत कुणाला ओळखता येत नाही. गाणी संपली की बंद डबा मध्ये आणायचा, हलवून वाजवून दाखवायचा, आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर "हरलो" म्हणायचं, मगच झाकण निघतं.

त्या वर्षी मी डबा वाजवला. खडखड आवाज आला.

"शंकरपाळे!"

"नाही."

"चिरोटे! अनारसे!"

"नाही."

"साटोऱ्या!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अर्धं बरोबर."

"अर्धं कसं असेल, बाई? साटोरी ती साटोरी!"

"आत काय आहे ते सांगा."

खवा, खसखस, बेदाणे, खजूर, अंजीर, सगळं सांगून झालं. कुणी "हिने त्यात चीज घातलंय, शाळेतलं" म्हणालं आणि हशा पिकला. शेवटी सगळ्या एका सुरात "हरलो, हरलो" म्हणाल्या आणि हात डब्याकडे आले.

मी झाकणावर हात ठेवला. डब्याकडेच बघत म्हटलं, "हरलात ना? मग आधी माझं एक ऐका."

"अगं बाई, ही नाव घ्यायला लावणार!" कुणीतरी म्हणालं.

"उखाणा नको. नोव्हेंबरमध्ये मतदान आहे. तुमच्यापैकी ज्या सिटिझन आहेत, त्यांनी जा. आणि अगदी शेवटचा प्रश्न आहे, तो वाचल्याशिवाय बाहेर येऊ नका."

मी त्यांच्यात एका दमात इतकं बोललेलं कुणी ऐकलंच नव्हतं.

"आम्ही तर मताच्या कार्डावर वरचं प्रेसिडेंटच्या नावाचं भोक पाडतो आणि सरळ कार पार्कमध्ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खालचं कोण वाचतं? काय आहे काय त्यात?"

मी सांगितलं. त्यांनी भुवया चढवल्या. "म्हणजे चर्चला सरकारी पैसा? मला नाही पटत. उद्या तुझ्या मुलीला तिथे प्रार्थनेला बसवतील."

त्यांच्यापुढे मी एरवी गप्प बसले असते. पण तेवढा भाग मी आठ दिवस वाचलेला होता. म्हटलं, "आमच्या शाळेत काही मुलांना जेवणाचं तिकीट असतं. तिकीट मुलाचं. ते घेऊन तो कुठल्या टेबलावर बसतो, शेजारी कोण बसलंय, हे आम्ही बघत नाही. तिकीट आहे, ताट वाढायचं. हेही तसंच आहे. मदत पोरीला आहे, कॉलेजला नाही. आत्ता तिचं तिकीट एका टेबलावर चालतं आणि दुसऱ्यावर चालत नाही, एवढंच बदलायचंय."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"वाचलं मी."

"सगळं? इंग्रजीत? ते बारीक अक्षरातलं?"

"हो. आठ दिवस लागले."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं बाई, वाचीन मी. आता झाकण काढ, जीव गेला."

साटोरीत क्रॅनबेरीचा साखरांबा होता. "हे कसं ओळखणार? ही चीटिंग आहे!" असा एकच गलका झाला आणि मला पुन्हा मागे सरकता आलं.

मतदान मंगळवारी. मी मुलांची जेवणं उरकून चालतच गेले. केंद्र एका चर्चच्या तळघरात होतं. दारात कागदी बाण लावलेला, आत लांब टेबल, आणि टेबलामागे चष्मा लावून चक्क आमची मुख्य बाई! त्या दिवशी तिने शाळेतून सुट्टी घेतली होती, पण कशासाठी ते मला माहीत नव्हतं. ओळखीचा चेहरा बघून जरा धीर आला. तिने यादीत माझं नाव शोधलं. मी लगेच डाव्या हाताची तर्जनी तिच्यापुढे धरली.

तिने बोट हातात घेतलं, चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाली, "परत भाजलंस? मिट घाल म्हणून किती वेळा सांगायचं!"

"नो, नो. इंक," मी म्हटलं.

गावात लग्नानंतर एकदाच मत दिलं होतं. तेव्हा आधी बोटाला शाई लावली होती. मला वाटलं, शाईशिवाय मत देताच येत नाही. ही शाई लावायला विसरली, तर माझं मत मोजणार नाहीत. मी बोट मागे घेईना. मागे रांगेत दोन माणसं उभी. शेवटी कसंबसं सांगितलं की इंडियात अशी खूण करतात, एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून. ती हसली नाही. तिने माझं बोट हलकेच खाली ठेवलं, यादी माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "इथे तुझी सही पुरे, हनी."

माझी सही पुरे. मी सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

पडद्याआड गेले. कार्ड खाचेत सरकवायचं आणि टोच्याने भोक पाडायचं. पानं उलटत गेले. न्यायाधीश, रस्ते, पाणी. सगळ्यात शेवटच्या पानावर तो प्रश्न. पण वर्तमानपत्रातल्यासारखा नव्हता. चारच ओळींत आवळून लिहिलेला. इतके दिवस वाचलं ते हेच का? चुकून उलटं भोक पडलं तर? मी डोळे मिटले, मग पहिल्या शब्दापासून हळू वाचलं. विद्यार्थी सापडला. कर्ज सापडलं. स्कॉलरशिप सापडली. पुन्हा एकदा वाचलं आणि 'होय'वर टोचा दाबला. कार्ड काढून उजेडाकडे धरलं. भोक स्वच्छ पडलं होतं, आरपार दिवा दिसत होता.

घरी मुलगी वाट बघत होती. शाईची गोष्ट सांगितली तर तिला आधी हसू आवरेना. मग तिने यांच्या टेबलावरून ड्रॉइंगचं काळं पेन आणलं, माझी तर्जनी धरली आणि नखाजवळ एक रेघ ओढली. "देअर. नाऊ इट काउंट्स."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर मोठमोठ्या माणसांचेच निकाल. आमच्या प्रश्नाचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी कामावर गेले तर पिठाच्या पिंपावर वर्तमानपत्राचा एवढासा चौकोन चिकटवलेला. मुख्य बाईने लावला होता. ती कांदा चिरत होती, वर न बघता म्हणाली, "वाच." दुरुस्ती मंजूर झाली होती. मी तो चौकोन दोनदा वाचला आणि मग जाळी नीट करायचं निमित्त करून डोळे पुसले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "ऐक, मी या वेळी खालून सुरुवात केली. शेवटचा प्रश्न आधी. प्रेसिडेंट नंतर."

जानेवारीत मदतीचा फॉर्म आला. डायनिंग टेबलावर मुलगी भरत होती, हे शेजारी बसून कागद पुरवत होते. मी भाजी निवडत होते. तिचं पेन एका जागी आलं आणि सवयीने चालायला लागलं.

"थांब," मी म्हटलं. "ते हायस्कूल खरं नाही."

तिने वर पाहिलं. "व्हॉट डू यू मीन?"

"चौथी. मी चौथी पास आहे. खोडून नीट लिही."

यांना माहीतच होतं. मुलीचा चेहरा बघवेना, मी मेथीकडेच बघत राहिले. ती म्हणाली, "आई, फोर्थ ग्रेड? आणि तू ते अख्खं वाचलंस?"

"पहिला नंबर होता माझा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने खोडलं, खरं लिहिलं आणि खाडाखोड आपणच केली हे कळावं म्हणून, कुणी सांगितलेलं नसताना, बाजूला आपली आद्याक्षरं घातली. खाली पालकांच्या सहीची एकच रेघ होती. यांनी पेन उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं.

पत्र एप्रिलमध्ये आलं. मुलीने उभ्या उभ्याच फोडलं, पहिली ओळ वाचली आणि किंचाळत अंगणात पळाली. तिच्या मागे हेही गेले, चप्पल न घालता. बाहेरून दोघं मला हाका मारत होते. कागद टेबलावर पडला होता. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागले. मंजूर झालं होतं, स्कॉलरशिपही आणि कर्जही, त्याच दोन बसथांब्यांवरच्या कॉलेजसाठी. तरीही अगदी तळाची बारीक ओळ वाचून होईपर्यंत मी उठले नाही.