दोन शास्त्र्यांची पत्रे

दफ्तरखान्यात आज पेशवाईतल्या दोन शास्त्र्यांची पत्रे वाचली. एक काशीचे, दुसरे वाईचे. पानभर ग्रहणाच्या गणितावरून भांडण, आणि शेवटी, "तपकीर कमी केली की नाही, ते लिहावे." घडी उलगडताना शाई सुकवायला टाकलेली वाळू टेबलावर सांडली, अजून चमकणारी. कुणाचे भांडणही इतके टिकावे, याचा मला राग आला.

माझा मित्र वसंता गेल्या महिन्यात गेला. एकदा मी त्याला पत्र टाकले, तर ते हातात नाचवतच तो घरी आला. "अरे पंडिता, पत्रं कसली लिहितोस? दोन गल्ल्या चालायला पाय दुखतात का?" मग आम्ही रोज भेटलो, रोज भांडलो. त्यातले त्याचे एक अक्षरही आज माझ्याजवळ नाही.

काशी आणि वाईमधल्या त्या शेकडो कोसांचा मला हेवा वाटतो.