जाळ आणि पाण्याच्या मध्ये

चाकाचा शोध ज्यानं लावला, त्याची बायको शेजारी घागर घेऊन उभी असणार, हे मी छातीठोक सांगतो. आमच्या गावच्या लोहाराची बायको, सखूकाकी, तशीच उभी असायची.

त्या सकाळी मामाच्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव, म्हणजे बाहेरची गोल पट्टी, चढायची होती. ती तापून इतकी लाल झाली होती, की सूर्यानंही डोळ्यांवर हात घेतला असेल. लोहारानं ती घण मारून बसवायला घेतली आणि लाकडानं पेट घेतला. पाणी लवकर पडलं तर धाव अर्ध्यातच आवळणार, उशिरा पडलं तर चाकाचा कोळसा. ऊसतोडीला निघायला मामाकडे दुसरं चाक नव्हतं.

"काकी, ओत की!" मामा किंचाळला.

"गप रे. लग्नातबी अशीच घाई केलीस, काय मिळालं?"

मला वाटलं, रथ, रहाट, आगगाड्या, सगळं जगच त्या घागरीपाशी खोळंबलंय. शोध कुणी लावला हे लोक विचारतात. जाळ आणि पाण्याच्या मध्ये श्वास रोखून कोण उभं राहिलं, हे कुणी विचारत नाही.

घण थांबला. काकीनं घागर उपडी केली. वाफेत अख्खं गाव बुडालं, निदान आमची आळी तरी. आत लाकूड कडाडलं. फुटलं की आवळलं, कळेना. मामानं डोळे मिटले.

वाफ विरली. चाक काळं पडलं होतं, पण अखंड होतं. मामानं धावत जाऊन त्याला मिठीच मारली आणि चटका बसताच असा बोंबलला, की शेजारच्या तालुक्यातले बैल उठून उभे राहिले.