मुकादमाचं पोट

संतराम मुकादमाचं पोट अख्ख्या हिंगोलीच्या बाजारात माहीत होतं. माणूस वळणावर दिसायच्या आधी पोट दिसायचं! गुलाबचंदच्या आडतीवर त्याच्या हाताखाली बारा हमाल, आणि त्यांतला महेबूब म्हणजे अस्सल वात्रट. हळदीचं पोतं दोघांनी दोन बाजूंनी धरायचं आणि वाकलेल्या तिसऱ्याच्या पाठीवर टाकायचं, ही तिथली रीत. टाकायच्या आधी महेबूब काहीतरी आचरट ओरडायचा, "उचला रे, मुकादमाचं पोट आलं!" सगळे खो खो हसायचे, आणि त्या हसण्यासरशी पोतं एका दमात वर जायचं. संतरामही हसायचा. खोटं कशाला बोला, त्याला आवडायचंही.

पण एका सकाळी गुलाबचंदचे व्याही आडतीवर आले. त्यांच्यासमोर महेबूब तेच ओरडला, आणि व्याही तोंडातलं पान सांभाळत हसत सुटले. संतरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजपासून कामावर थट्टा बंद! दात दिसले की घरी बसायचं!"

बाराही जणांनी माना डोलावल्या. दोन दिवस हमाल मुक्यानं राबले. तिसऱ्या दिवशी, आरोळीच नसल्यानं, एकानं पोतं आधी उचललं, दुसऱ्यानं मागून. ते तिरपं होऊन वाकलेल्या महेबूबच्या गुडघ्यावर आदळलं. हाड सांधलं, पण पाय वाकडाच राहिला.

लोक म्हणाले, नशीब! महेबूबची बायको खतीजाबी, तीही म्हणाली, "अल्लाची मर्जी." संतरामकडं कुणी बोट दाखवलं नाही, आणि तेच त्याला आतून कुरतडत राहिलं. अरे, कुणी शिव्या तरी द्या! तो महेबूबच्या घरी गेला, खाटेजवळ बसून रडला, माफी मागितली.

"काहून रडून राहिले, मुकादमसाब? माफ केलं," महेबूब म्हणाला.

मुकादमसाब! इतकी वर्षं नुसतं 'ए मुकादम' म्हणणारा हा माणूस.

संतरामनं त्याला आडतीच्या ओट्यावर बसवलं. पोतं उचलायच्या वेळी आवाज द्यायचा, एवढंच काम. महेबूब आवाज देऊ लागला, "उचला." बस्स, पुढं काही नाही. पोती बराबर वर जात, हसत मात्र कुणी नसे. संतराम मुद्दाम पोट पुढं काढून त्याच्यासमोर उभा राहायचा. अशी दहा वर्षं गेली. निजामाचं राज्य गेलं, पण 'उचला' काही बदललं नाही. संतरामचं अन्नावरचं मन उडालं होतं, सदरा अंगावर लोंबायला लागला होता.

शेवटी एका दुपारी तो ओट्याशी गेला.

"महेबूब, माफ केलं म्हणतोस, मंग एकदा तरी माझी थट्टा कर की रे."

महेबूब चकित होऊन बघत राहिला. "मनाई तुमीच केली व्हती, मुकादमसाब. उठवली कवा?"

संतराम जागीच थिजला. माफी त्यानं घरात एकट्याकडं मागितली होती. हुकूम मात्र बारा माणसांदेखत सोडला होता, आणि तो मागं घ्यायला त्याची जीभ कधी वळलीच नव्हती. तो हमालांकडं वळला.

"ऐका रे! ती मनाई माझी चूक व्हती. माझ्यापायी ह्याचा पाय गेला. आजपासून मनाई उठली."

दोघांच्या हातात पोतं तसंच. महेबूबनं संतरामला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आता काय उपेग, ए मुकादम? पोट कुठं राहिलं?"

हमाल खो खो हसले आणि पोतं झटक्यात वर गेलं. संतराम ओट्याचा खांब धरून हमसून हमसून रडत होता.